जपानला निघालेल्यांनो, बँक नावावरून निवडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. भारतातून ५० हजार कुशल मनुष्यबळ जपानला जावे, हे त्यातले एक उद्दिष्ट आहे. जपानी भाषा शिकण्याची पुण्याची परंपरा जुनी, त्यामुळे जाणाऱ्यांत मराठी मुलेमुली बरीच असणार. त्यांच्या तयारीत भाषेची परीक्षा असते, मुलाखत असते, व्हिसाची कागदपत्रे असतात. बँकेबद्दल मात्र ‘तिकडे गेल्यावर कंपनी बघेल’ एवढेच सांगितले जाते. कंपनी बघते ती पगार जमा होण्यापुरते. भाषावर्गांनी आणि मुले पाठवणाऱ्या संस्थांनी निघण्यापूर्वी एक पूर्ण दिवस या विषयाला द्यावा, अशी मागणी या पत्रातून करतो. त्या दिवशी काय सांगायला हवे, तेही लिहितो.

जपानमध्ये बँक कोणती चांगली, याला एकच उत्तर नाही. व्हिसा कोणता, देशात येऊन किती महिने झाले, घरी पैसे पाठवायचे आहेत का आणि जोडीदार सोबत आहे का, यांवर ते ठरते. व्याजदर बघून बँक निवडण्याची आपली सवय तिथे उपयोगाची नाही, कारण साध्या बचतीवरचे व्याज नगण्य असते.

सगळ्यात मोठी अडचण सहा महिन्यांची. जपानच्या परकीय चलन कायद्यात परदेशी माणूस ‘निवासी’ केव्हा मानायचा, हे ठरलेले आहे: जपानमधल्या आस्थापनेत नोकरी असेल तर आल्यापासून, एरवी देशात येऊन सहा महिने झाल्यावर. त्याआधी तो अनिवासी. अनिवासी माणसाच्या खात्यावर देशातल्या देशात पैसे पाठवण्यावरही निर्बंध येतात, म्हणून अनेक बँका अशा माणसाचे खाते उघडतच नाहीत. काउंटरवरच्या नकारामागे बहुतेक वेळा हे कारण असते आणि ते नीट समजावून सांगितले जात नाही. नोकरीवर आलेल्याने कंपनीचे ओळखपत्र किंवा नोकरीचा दाखला सोबत नेला, तर हा अडसर सहसा दूर होतो. विद्यार्थी आणि अवलंबित व्हिसावर आलेले पती-पत्नी यांच्यासाठी पहिला पर्याय युचो, म्हणजे जपानची टपाल बँक. तिचे काम देशभरच्या टपाल कार्यालयांतून चालते आणि सहा महिन्यांच्या आतही मर्यादित सोयींचे खाते तिथे मिळू शकते. सहा महिने झाले की काउंटरवर जाऊन त्या मर्यादा काढून घ्याव्यात. त्या आपोआप निघतील अशा भरवशावर राहू नये.

युचोची एक खोच लक्षात ठेवावी. इतर बँकांत चार आकडी बँक क्रमांक, तीन आकडी शाखा क्रमांक आणि सात आकडी खाते क्रमांक असतो. युचोच्या पासबुकावर ‘किगो’ आणि ‘बांगो’ असे वेगळेच क्रमांक छापलेले असतात. दुसऱ्या बँकेतून पैसे यायचे असतील, तर त्यांचे शाखा क्रमांक आणि खाते क्रमांकात रूपांतर करून द्यावे लागते. किगो-बांगो तसेच्या तसे कंपनीच्या फॉर्मवर उतरवले, की पगार अडकतो.

खाते उघडण्याचा क्रम असा: नरिता, हानेदा, कान्साईसारख्या मोठ्या विमानतळांवर रेसिडेन्स कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र, हातात मिळते, पण त्यावर पत्ता नसतो. राहायची जागा ठरल्यावर १४ दिवसांत वॉर्ड किंवा नगर कार्यालयात जाऊन तो कार्डाच्या मागे नोंदवून घ्यायचा. त्याशिवाय बँकेत जाण्यात अर्थ नाही. मग पासपोर्ट, कार्ड, नोकरीचा किंवा शिक्षणाचा पुरावा आणि जपानी फोन नंबर. इथे पेच पडतो, कारण फोन कंपनी बँक खाते किंवा क्रेडिट कार्ड मागते आणि बँक फोन नंबर मागते. बिल कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, रोख भरू देणारे सिम आधी घ्यावे. हान्को, अर्थात नावाचा शिक्का, आता बऱ्याच बँकांत लागत नाही, सहीवर भागते. पण जिथे शिक्क्याने खाते उघडाल, तिथे वीजबिल किंवा विम्याचा हप्ता खात्यातून वळता करण्याच्या कागदी फॉर्मवर नेमका तोच शिक्का लागतो. दुसरा उमटला की फॉर्म परत येतो. बँकांचे काउंटर साधारणपणे दुपारी तीनला बंद होते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या सुट्टीची गोष्ट कंपनीशी आधीच बोलून ठेवावी.

खाते उघडले तरी कार्ड टपालाने येते, आणि इथे अनेकांचे काम फसते. हे टपाल नोंदणीकृत असते आणि त्यावर ‘दुसऱ्या पत्त्यावर पाठवू नये’ असा शिक्का असतो. घराच्या टपालपेटीवर तुमचे नाव नसेल, तर पोस्टमन ते परत नेऊ शकतो. घरी कोणी नसेल तर तो चिठ्ठी टाकून जातो आणि टपाल सात दिवस पोस्टात थांबते. त्यानंतर ते बँकेकडे परत जाते, आणि ‘या पत्त्यावर माणूस राहत नाही’ असे धरून बँक खात्यावर बंधने घालू शकते. म्हणून खाते उघडण्याच्या आधीच पेटीवर रोमन आणि काताकाना (परदेशी नावे लिहायची जपानी लिपी), दोन्ही लिप्यांत नाव चिकटवावे. वसतिगृहात किंवा सहकाऱ्यांबरोबर एकत्र राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता नाव. मराठी माणसाला सर्वांत जास्त त्रास इथे होतो. आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. रेसिडेन्स कार्डावर ते सगळे रोमन लिपीत उतरते, बँक मात्र खाते काताकानात नोंदवते. ‘देशपांडे’ हे आडनाव दीर्घ स्वराची रेघ देऊन लिहिता येते आणि न देताही लिहिता येते. बँकेच्या संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे. बँकेत तीन नावे आणि कंपनीच्या पगारपत्रकात दोनच, असे झाले तर पैसे परत जातात. फॉर्मवर चौकोन कमी पडले म्हणून कर्मचारी वडिलांचे नाव मध्येच तोडतो, असेही घडते. उपाय सोपा आहे. भारतात असतानाच जपानी शिक्षकाच्या मदतीने पासपोर्टवरच्या पूर्ण नावाचा एकच काताकाना ठरवावा, तो कागदावर लिहून सोबत ठेवावा आणि बँक, कंपनी, पेन्शन, फोन अशा सगळीकडे अक्षर न बदलता तोच द्यावा. पासबुक मिळाल्यावर आतले नाव अक्षर-अक्षर तपासावे आणि कंपनीला त्याचीच प्रत द्यावी.

कंपनी पुष्कळदा अमुकच बँकेत खाते उघडा म्हणते. वास्तविक पगार खात्यात जमा करायला जपानच्या कामगार कायद्यानुसार कामगाराची संमती लागते आणि खातेही त्याने सांगितलेले असावे लागते. तरीही पहिले खाते कंपनीच्या बँकेत उघडण्यात फायदा आहे, कारण कंपनीचे पत्र सहा महिन्यांची अडचण सोडवते. बूड टेकल्यावर दुसरे खाते आपल्या सोयीचे निवडावे. एमयूएफजी, मित्सुई सुमितोमो आणि मिझुहो या तीन मोठ्या बँकांचे खाते घरभाडे, विमा, वीज अशा वळत्या हप्त्यांना जवळपास कुठेही चालते. ऑनलाइन बँका स्वस्त असतात, काहींची इंग्रजी सेवा चांगली असते, पण घरभाड्याची हमी घेणाऱ्या काही कंपन्या आणि सरकारी कार्यालये त्यांच्या खात्यातून वळते हप्ते घेत नाहीत. एटीएमचा खर्चही बघावा: वेळ आणि वार यांप्रमाणे एका खेपेला ११० ते ३३० येन जाऊ शकतात. महिन्यातून चार वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा, आपल्या बँकेच्या फुकट वेळेत एकदाच काढावेत.

एक गैरसमज वेळीच दूर व्हायला हवा. जपानमध्ये ‘एसबीआय’ हे नाव ठिकठिकाणी दिसते: एसबीआय शिन्सेई बँक, एसबीआय रेमिट. यांचा आपल्या स्टेट बँकेशी काहीही संबंध नाही. तो एक स्वतंत्र जपानी वित्तसमूह आहे. त्याच्या सेवा वाईट आहेत असे मुळीच नाही. पण ‘आपलीच बँक’ समजून कोणी पासबुक घेऊन जाऊ नये. आपली स्टेट बँक आणि बँक ऑफ इंडिया यांच्या टोकियोत स्वतःच्या शाखा आहेत, आणि घरी पैसे पाठवायला त्या सोयीच्या वाटू शकतात. मात्र जपानच्या ठेव विम्यात परदेशी बँकांच्या जपानमधल्या शाखा येत नाहीत. जपानी बँकेत प्रत्येक ठेवीदाराची १ कोटी येनपर्यंतची मुद्दल आणि त्यावरचे व्याज विम्याने सुरक्षित असते. परकीय चलनातली ठेव तिथेही विम्याबाहेर राहते. पैसे पाठवायला खाते कोणते आणि साठवायला कोणते, हे वेगळे ठेवावे.

कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी याहून गंभीर बाब अशी की जपानमध्ये संयुक्त खाते नाही. ‘दोघांपैकी कोणीही’ ही आपली सोय नाही आणि नॉमिनीही नाही. खातेदाराचे निधन झाल्याचे बँकेला कळले की खाते गोठते आणि वारसांची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत उघडत नाही. जपानी कुटुंबाकडे कोसेकी ही कुटुंबनोंद असते, त्यावरून वारस लगेच ठरतो. आपल्याकडे तसा एकच कागद नाही. भारतातून जन्म-विवाहाचे दाखले, प्रतिज्ञापत्रे, त्यांचे जपानी भाषांतर, असा प्रवास करावा लागतो, आणि तोवर परक्या देशात घरभाडे द्यायलाही पैसा नसतो. यासाठी नोकरी न करणाऱ्या जोडीदाराचे सहा महिने पूर्ण होताच त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या नावावर खाते उघडावे आणि त्यात किमान तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम कायम ठेवावी. विवाह नोंदणीचा दाखला जाताना मूळ प्रतीत न्यावा. नवऱ्याचे एटीएम कार्ड आणि चार आकडी पिन बायकोकडे असला म्हणजे झाले, या समजुतीवर संसार सोडू नये.

घरी पैसे पाठवताना फक्त शुल्क बघून फसायला होते. बँकेतून परदेशी पाठवणीला काही हजार येन ठरावीक शुल्क असते. वाटेतली मध्यस्थ बँक आपला वाटा कापते, विनिमय दरात फरक असतो, आणि भारतात चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो. म्हणून एकच प्रश्न विचारावा: आज मी १ लाख येन दिले, तर गावाकडच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील? महिन्याला थोडी रक्कम पाठवणाऱ्याला बँकेपेक्षा नोंदणीकृत पाठवणी कंपनी बहुधा परवडते. यातल्या, जपानी कायद्यात ‘दुसरा प्रकार’ म्हणून नोंदलेल्या कंपन्यांना एका वेळी १० लाख येनची मर्यादा आहे. माय नंबर, म्हणजे जपानमधल्या रहिवाशाचा सरकारी ओळख क्रमांक, बँक आणि पाठवणी कंपनी दोन्हीकडे लागतो, तो पहिल्या महिन्यातच नोंदवून टाकावा. भारतातल्या बाजूलाही एक काम उरते. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर इथले साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे इथल्या पैशांसाठीचे खाते, करून घ्यावे लागते आणि जपानमधल्या कमाईसाठी एनआरई हे अनिवासीचे वेगळे खाते उघडावे. ओटीपी येणारे भारतीय सिम रोमिंगवर जिवंत ठेवावे. एनआरईचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी जपानमध्ये गेल्या दहा वर्षांपैकी पाचाहून अधिक वर्षे राहिलेल्याला जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर भरावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

रेसिडेन्स कार्डाची मुदत बँकेकडे नोंदलेली असते. ती उलटली आणि नवे कार्ड दाखवले नाही, तर पैसे काढणे आणि पाठवणे बंद होऊ शकते, अगदी दुसऱ्याच दिवसापासून. इमिग्रेशन कार्यालयात जाऊन मुदतवाढीचा अर्ज केला असेल तर कार्डाच्या मागे तशी नोंद होते आणि निर्णय येईपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, राहता येते. पण ती नोंद आपण होऊन बँकेला दाखवायची असते.

देश सोडतानाचा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर मांडतो. परतणाऱ्या तरुणांना समाजमाध्यमांवरून गाठून ‘तुझे खाते विकत घेतो’ म्हणणारे लोक असतात. खाते, कार्ड किंवा पिन दुसऱ्याला देणे हा जपानमध्ये गुन्हा आहे. पुढे त्या खात्यावरून फसवणूक झाली की नाव तुमचे निघते, आणि पुन्हा व्हिसा मिळण्याची वाट बंद होऊ शकते. खाते नुसते सोडून येणेही बरे नव्हे: काही बँका दोन वर्षे न वापरलेल्या, कमी शिल्लक असलेल्या खात्यातून वर्षाला १,३२० येन कापतात. शेवटचा पगार, घराच्या अनामत रकमेचा परतावा आणि वीज-पाण्याचा हिशेब जमा होईपर्यंत खाते चालू ठेवावे. त्यांच्या तारखा पाहून मगच विमानाचे तिकीट काढावे आणि निघण्यापूर्वीच्या कामाच्या दिवशी कार्ड, पासबुक आणि शिक्का नेऊन ते बंद करावे.

जपानमध्ये भरलेल्या पेन्शनच्या हप्त्यांचा एकरकमी परतावा देश सोडल्यावर मागायचा असतो, दोन वर्षांच्या आत. तो भारतातल्या खात्यात मिळतो, पण खाते स्वतःच्याच नावाचे हवे आणि नाव पासपोर्टशी जुळायला हवे. भारतात आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) नसतो, म्हणून बँकेचा स्विफ्ट कोड, शाखेचा पत्ता आणि बँकेने शिक्का मारून दिलेला खात्याचा दाखला जोडावा. नोकरदारांच्या पेन्शनच्या परताव्यातून २०.४२ टक्के प्राप्तिकर कापला जातो. तो परत मागता येतो, पण त्यासाठी जपानमध्ये राहणारी एखादी विश्वासू व्यक्ती कर-प्रतिनिधी म्हणून नेमावी लागते. त्या नेमणुकीचा फॉर्म निघण्यापूर्वीच आपल्या विभागाच्या कर कार्यालयात द्यावा.

आपला,
एक वाचक, टोकियो