वहीत नसलेला खर्च

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा पोरांच्या गलक्यात, एकदा सगळी झोपल्यावर. नऊ माणसांचं घर, रोजचा हिशेब लिहितेस आणि तरी 20 तारखेला हात रिकामा. त्यावरून तू स्वतःला उधळी म्हणतेस, ते मात्र मला पटलं नाही. वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस त्यांत उधळपट्टी शोधूनही सापडली नाही. सापडले ते तीन महिने. एकात मुलांची फी, एकात विम्याचा हप्ता, एकात आईचा चष्मा आणि गाडीचे टायर. त्या प्रत्येक महिन्यानंतर पुढचे दोन महिने तू उसनवारी फेडत बसली आहेस.

माझंही असंच झालं होतं. तेव्हा घरी कळवलं नाही, आता सांगते. इकडे आल्यावर दुसऱ्याच वर्षी पाच पोरांचे खर्च एकाच महिन्यात आले आणि मी सगळे क्रेडिट कार्डावर टाकले. बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून छोटासा आकडा असतो, तेवढाच भरत राहिले. वाटायचं, फेडतेय की! दरमहा 3 टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीनं ते वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत कर्ज दुप्पट. ते फिटायला दीड वर्ष लागलं. दादाला यातलं काही सांगू नकोस, तो अजून मला हिशेबात पक्की समजतो.

त्यानंतर एका रात्री बसून बारा महिन्यांची नावं लिहिली आणि दर महिन्यापुढे, वर्षातून एकदा-दोनदाच येणारे खर्च आठवतील तसे मांडले. सगळ्यांची बेरीज केली, 12 नं भागलं. जो आकडा आला तो पाहून पोटात गोळाच आला. पण तो खर्च आम्ही आधीही करतच होतो, फक्त तो वहीत नव्हता. आता पगार झाला की भाड्याच्या आधी ती रक्कम वेगळ्या खात्यात जाते. पहिलं वर्ष जड जातं बरं का. चार महिन्यांवर फी असेल तर तिला 12 नं भागून कसं चालेल, 4 नंच भागावं लागतं. सगळं झेपणार नसेल तर जे टळत नाही तेवढंच आधी धर.

मोठं घर स्वस्तात पडतं असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. युरोपात घरांच्या उत्पन्नाची तुलना करताना पहिलं मोठं माणूस 1 धरतात, पुढचं प्रत्येक मोठं 0.5 आणि 14 वर्षांखालचं मूल 0.3. तुमच्याकडे चार मोठी आणि पाच लहान, म्हणजे बेरीज 4. नऊ माणसांना एकट्या माणसाच्या चौपट पुरावं, असा त्याचा अर्थ. छप्पर, दिवा, फ्रिज सगळ्यांत वाटले जातात हे खरंच आहे. पण बूट, औषध, बसचा पास कुठे वाटला जातो? तिथे नऊ म्हणजे नऊच. आणि चौदा पूर्ण झाली की मूल 0.3 वरून 0.5 वर जातं, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या घरात वाढत्या वयाची पोरं नक्की असणार!

दिव्यांवरून पोरांना ओरडतेस असं लिहिलंस. ओरड, पण जीव आटवू नकोस. 9 वॅटचा एलईडी एक युनिट वीज जाळायला शंभराहून जास्त तास घेतो. 2000 वॅटचा गीझर तेच काम अर्ध्या तासात करतो. आमच्याकडे आंघोळी एकापाठोपाठ एक उरकतात, पाणी पुन्हा तापवत बसायचं नाही. सुरुवातीला बाथरूमच्या दारात रोज भांडणं व्हायची, आता फक्त रविवारी होतात.

मोठ्या पाकिटांचं म्हणशील तर दर किलोमागे काढून बघ, कधीकधी मोठं पाकीटच महाग निघतं. शिवाय घरात भरपूर दिसलं की हात सैल सुटतो. कपडे धुण्याच्या पावडरीचं मोठं पोतं आणलं तेव्हा ते दुप्पट टिकायला हवं होतं, टिकलं जेमतेम दीडपट. आता थोडी पावडर डब्यात काढते आणि पोतं माळ्यावर. त्याहून मोठी गळती म्हणजे तिघांनी तीच वस्तू आणणं. यावर आमच्याकडे फ्रिजवर एक कागद आहे, शेवटचं पाकीट जो फोडेल त्यानं तिथे लिहायचं. लिहिलेलं नाही ते कुणी आणायचं नाही.

एक मात्र कर. प्रत्येक मोठ्या माणसाला थोडी का होईना, हिशेब न विचारण्याची रक्कम दे. आईलाही. तिनं पाच रुपयेसुद्धा मागून घ्यावेत आणि तू ते वहीत लिहावेस, यात तुम्हा दोघींचा जीव कानकोंडा होतो. आणि स्वतःला वगळू नकोस, मी तीन वर्षं वगळलं होतं आणि मग कपाटात लपवून पैसे ठेवायला लागले होते!

बारा महिन्यांची यादी करून पाठव. आकडे आत्ता नकोत, नुसती नावं चालतील. दोन-तीन तर तुझ्याकडून सुटतीलच, ती मी इकडून भरते.

आईला नमस्कार, पोरांना पापे.

तुझी नणंद