विषय: सरकता जिना, बंडूचं नख आणि २०० रुपयांचं कूपन

दि. २४ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मॉल व्यवस्थापन कंपनी,
ठाणे (पश्चिम)

महोदय / महोदया,

आपल्या मॉलच्या सरकत्या जिन्यात बंडू या कुत्र्याचं नख उखडलं, त्याबद्दलच्या माझ्या १७ जुलैच्या तक्रारीला आपलं उत्तर सोमवारी मिळालं. ‘आपल्या पाळीव प्राण्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तथापि सरकत्या जिन्याचा वापर ग्राहकाने स्वेच्छेने केला असल्याने व्यवस्थापनाची जबाबदारी येत नाही.’ खाली फूड कोर्टाचं २०० रुपयांचं कूपन. ज्या फूड कोर्टात कुत्र्याला न्यायचं नाही अशी आपल्याच परवानगीत अट आहे, तिथलंच! ईमेलवर आलेलं कूपन परत कसं करतात ते मला माहीत नाही. मी ते वापरणार नाही, एवढं लिहून देते.

हे दुसरं पत्र मुख्यतः त्या ‘स्वेच्छेने’साठी आहे.

पहिल्या पत्रात मी थोडक्यात लिहिलं होतं, तीच चूक झाली असावी. बंडू हा फिकट पिवळ्या रंगाचा लॅब्रेडॉर, वय सात महिने. तो ‘माझा पाळीव प्राणी’ नाही. अंध व्यक्तींसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणाऱ्या एका प्रशिक्षकांनी फेब्रुवारीत, तो दोन महिन्यांचा असताना, आमच्या नौपाड्याच्या घरी आणून दिला. सव्वा वर्षाचा झाला की ते त्याला घेऊन जातील आणि पुढचं खरं शिक्षण देतील. मग तो ज्याच्या चालीला आणि उंचीला जुळेल त्याच्या हाती जाईल. तो माणूस कोण, मला माहीत नाही. आपल्याकडे असे कुत्रे अजून फारच थोडे आहेत, त्यामुळे लोकांना कळत नाही यात नवल नाही. मलाही दोन वर्षांपूर्वी काही माहीत नव्हतं. कुत्र्याला रस्ता पाठ असतो, सिग्नल कळतो, असं मला वाटायचं. तसं काही नसतं. कुठे जायचं ते माणूस ठरवतो. खड्डा, खांब, उभी स्कूटर चुकवणं आणि पायरीशी थांबणं हे कुत्र्याचं काम.

माझं काम त्याच्याही आधीचं आहे: त्याला शहराची सवय लावायची. लसी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर ठेवायचं नव्हतं, म्हणून हे गाठोडं कडेवर घेऊन मी जांभळी नाक्याच्या बाजारात फिरले. भाजीवाल्या विचारायच्या, ‘ताई, पायाला लागलंय का त्याच्या?’ नंतर स्टेशनाबाहेरच्या सॅटिस पुलावर टीएमटीच्या शहर बसचे ब्रेक, गोखले रोडच्या गर्दीत वाट काढणं, तलावपाळीला सांडलेले चणे न हुंगता सरळ चालणं. हे शेवटचं अजून जमलेलं नाही, खोटं कशाला बोलू. शी-शूसुद्धा हुकमावर करायला शिकवावी लागते, कारण ज्याला दिसत नाही त्या माणसाला ती शोधून उचलायची असते. आमचा शब्द आहे ‘आटप’. तो निवडताना घरात दहावीतला मुलगा आहे हे लक्षात राहिलं नाही. एका सकाळी मी मुलावर ‘आटप लवकर’ म्हणून ओरडले आणि बंडूने हॉलमध्ये आज्ञा पाळली.

पावसाळ्यात फुटपाथवर पाणी, म्हणून मॉल. गुळगुळीत फरशी, काचेची दारं, ट्रॉल्यांचा खडखडाट, पायाखाली हलणारी लिफ्ट, हे सगळं एका छताखाली मिळतं. प्रशिक्षकांनी एकच गोष्ट बजावली होती: लिफ्ट चालेल, साधा जिना चालेल, सरकता जिना अजिबात नाही. त्याच्या पायऱ्या शेवटी ज्या दातेरी पट्टीखाली शिरतात तिथे नख नाहीतर बोटांमधली कातडी अडकते. आपल्या पायात चपला-बूट असतात, कुत्र्याच्या नसतात. मी हे आपल्या कार्यालयाला कळवलं होतं. २६ मेच्या परवानगीत आपणच लिहिलंत: सोमवार ते गुरुवार, सकाळी ११ ते दुपारी १, तळमजला आणि पहिला मजला, ‘ये-जा करताना फक्त लिफ्टचा वापर करावा’. त्यानंतर आम्ही पाच वेळा आलो. काही अडचण आली नाही. पार्किंगकडच्या दारावरचे काका तर बंडूला ओळखू लागले होते. अंगावर शिकाऊ कुत्र्याचं जाकीट असताना त्याला हात लावायचा नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. दोन्ही हात मागे बांधून त्याच्याकडे बघून हसायचे.

बुधवार, १६ जुलै, दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमाराची गोष्ट. आम्ही पहिल्या मजल्यावरून खाली यायला लिफ्टशी उभे होतो. त्या दिवशी तिथे नवीन सुरक्षारक्षक होता. ‘डॉग अलाउड नहीं है लिफ्ट में.’ मी मोबाइलवर आपली ईमेल दाखवली. ‘मॅडम, ये हमारे पास नहीं आया.’ लिफ्टचं दार उघडलं. आत एक बाई पिशव्या घेऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘येऊ द्या हो, केवढंसं ते!’ त्याने दारात हात आडवा धरला. त्याच्या साहेबांना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. जिन्याचं विचारलं तर म्हणाला तो आगीच्या वेळचा आहे, दार उघडलं की अलार्म वाजतो. मग त्याने बोट दाखवलं: एस्कलेटरने जा, नाहीतर साहेब येईपर्यंत इथेच थांबा. साहेब कधी येतील? माहीत नाही. एव्हाना वीस मिनिटं गेली होती, आपली एकची वेळ टळत आली होती आणि चार लोक उभे राहून मोबाइलमध्ये आमचं चित्रीकरण करत होते.

यातली ‘स्वेच्छा’ कोणती, ते कळवावं.

आता माझ्या चुकीचं लिहिते, म्हणजे आपल्याला शोधत बसायला नको. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी बंडू बसला. पुढचे दोन पाय ताठ, बूड जमिनीला घट्ट, कान मागे, नजर त्या हलत्या पट्ट्यांवर. मी ‘पुढे’ म्हटलं. हलला नाही. पुन्हा म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जिन्याकडे. वाटाड्या कुत्र्याला सर्वांत शेवटी आणि सर्वांत कष्टाने जे शिकवतात ते हेच असतं. मालकाने ‘पुढे’ म्हटलं तरी समोर गाडी किंवा खड्डा असेल तर हुकूम मोडायचा. त्याचं नाव बंडू ठेवलं तेव्हा प्रशिक्षक त्यावरूनच हसले होते. ते त्याला अजून कोणी शिकवलेलंसुद्धा नाही. तो घाबरून बसला असेल, मान्य आहे. पण बसला तो बरोबर जागी बसला. मागे लोक खोळंबले होते, कोणीतरी ‘चला हो काकू’ म्हणालं, मला शरम वाटली आणि मी पट्टा ओढला. हे माझ्याकडून झालं.

अर्ध्या वाटेत मी त्याला उचलायला गेले. तेवीस किलोंचं जनावर हलत्या पायरीवर मला कुठलं उचलवणार? पुढचे पाय माझ्या खांद्यावर आले, मागचे पायरीवरच राहिले. खाली पोचताना उजव्या मागच्या पायाचं नख दातेरी पट्टीत गेलं. एकच बारीक किंकाळी. माझ्या कुर्त्यात त्याने तोंड खुपसलं आणि जिना चालूच. थांबवायचं लाल बटण खालच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर असतं. ते तिथल्या आपल्या कर्मचाऱ्याला ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या एका मुलाने धावत येऊन दाबलं. नख मुळापासून उखडलं होतं. पांढऱ्या फरशीवर रक्ताचे ठिपके थेट केकच्या दुकानापर्यंत. आपल्याकडे सफाईचं काम करणारी एक मुलगी कोरं फडकं आणि बर्फ घेऊन आली आणि पाय दाबून धरून बसली. तिचं नाव मी विचारलं नाही, याची मला चुटपुट आहे. आपल्या उत्तरात तिचा उल्लेख नाही. त्या दुपारी आपल्या कंपनीच्या बाजूने झालेली एकमेव चांगली गोष्ट तीच होती.

डॉक्टरांनी भूल देऊन उरलेलं नख काढलं. पट्टी पाच दिवस, अँटिबायोटिक सात दिवस, गळ्यात प्लास्टिकचा कर्णा. बिल ३,४५० रुपये, प्रत सोबत आहे. नख परत येईल.

खरं नुकसान बिलात दिसत नाही. त्या दिवसापासून बंडू धातूवर पाय ठेवत नाही. रस्त्यावरची गटाराची लोखंडी झाकणं, आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या उंबऱ्याची पट्टी, डॉक्टरांकडचा वजनकाटा, सगळ्यांपुढे तोच पवित्रा: पाय ताठ, बूड जमिनीला. या वयात कुत्र्यांच्या मनात भीती पटकन घर करते आणि बसली की लवकर निघत नाही. प्रशिक्षकांनी सध्या सक्ती करायची नाही असं सांगितलं आहे. आम्ही घरात स्टीलचं ताट पालथं ठेवतो आणि त्याच्याच जेवणातले चार दाणे आधी ताटाशेजारी, मग काठावर, मग मधोमध. काल काठावरचे खाल्ले. मान लांब करून, पाय मागेच ठेवून. ही भीती राहिली तर तो या कामातून बाद होईल. ज्याला रोज लोकल पकडून कामावर जायचं आहे, त्याला लोखंडी पट्टी दिसली की बसणारा कुत्रा काय कामाचा? ठाणे स्टेशनात लोखंड ओलांडल्याशिवाय कुठे जाता येतं, ते दाखवा.

कायद्याचं म्हणाल तर शिकाऊ पिल्लाला मॉलमध्ये शिरायचा हक्क आहे असा माझा दावा नाही. म्हणून तर परवानगी मागितली. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारती’च्या व्याख्येत लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीही येतात, हे आपल्या विधी विभागाला माहीत असेलच. विषय निघालाच आहे तर आपल्या लिफ्टची बटणं एकदा बोटांनी पाहा. त्यावर ब्रेलचे ठिपके आहेत. करोनाच्या वेळी वर चिकटवलेलं प्लास्टिक मात्र अजून तसंच आहे, कडेला काळं पडलेलं. ठिपके डोळ्यांना दिसतात, बोटांना लागत नाहीत. डोळे मिटून मी स्वतः करून पाहिलं. ते काढायला पाच मिनिटं लागतील.

माझी मागणी मोठी नाही. डॉक्टरांचं बिल आपण भरावं. मी पट्टा ओढला म्हणून अर्धंच देतो म्हणालात तरी बोलायची तयारी आहे, पण ‘स्वेच्छेने’ हा शब्द लेखी मागे घ्यावा लागेल. दिलेली परवानगी प्रत्येक दाराच्या आणि मजल्याच्या रजिस्टरमध्ये चढवावी आणि पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगितली जावी. ईमेल माझ्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, ती लिफ्टपाशी उभ्या माणसाकडे हवी. सरकता जिना बंद कसा करायचा हे त्याच्याजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला दाखवावं. उद्या तिथे एखाद्या मुलाच्या चपलेचं टोक असेल. १६ जुलैचं दुपारी साडेबारा ते दीडचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जाण्याआधी जपून ठेवावं, ही मागणी मी १७ तारखेलाही केली होती. त्यावर आपल्या उत्तरात एक ओळही नाही.

आणि त्या सुरक्षारक्षकाचा पगार कापू नका. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. पार्किंगची आणि त्या दिवशीच्या खरेदीची पावती मी जपून ठेवली आहे. उत्तर माणसाने लिहिलेलं असावं ही विनंती. आधीच्या उत्तरात दोनदा ‘आपल्या मांजरीला लवकर बरं वाटो’ असंही होतं.

आपली,
(सही)
नौपाडा, ठाणे

ता. क.: पत्र लिहून होईपर्यंत बंडूने ताटावर एक पाय ठेवला. डावा, पुढचा. लगेच काढून घेतला.