आमच्या सासूबाईंचं नाव आम्हाला परत हवंय

माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मी लालबागला मालवणी मसाला विकते. 1982 च्या संपात सासऱ्यांची गिरणी बंद पडली, तेव्हा सासूबाईंनी मसाला विकून घर चालवलं. पाकिटावर तेव्हापासून त्यांचंच नाव आहे.

गेल्या आठवड्यात कळलं, आमचा ट्रेडमार्कचा अर्ज 'सोडून दिला' असं समजून निकाली काढलाय. कोणी सोडला?

दोन वर्षांपूर्वी बचत गटाच्या मेळाव्यात एक साहेब म्हणाले, "ताई, साडेचार हजार भरा, नाव तुमचं." भरले. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये अर्ज छापून आल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि त्या हरकतीला दोन महिन्यांत उत्तर गेलं नाही तर अर्जच बाद, हे त्या माईकवरून कोणी बोललं नाही. हरकतीची नोटीस गेली आमचा अर्ज भरणाऱ्या एजंटच्या ईमेलवर. एजंट फोन उचलत नाही. वीजबिल थकलं तर मोबाईलवर लगेच मेसेज येतो, मग हा का येत नाही?

हरकत घेतली कोणी? सासूबाईंच्या नावापुढे 'ताई' चिकटवून तसंच लाल पाकीट काढणाऱ्याने! तीन वर्षं झाली त्याला बाजारात येऊन. शिमग्याच्या सुमारास गिरगावचे एक आजोबा अर्धं पाकीट घेऊन दुकानात आले. "सूनबाई, मसाल्यात मीठ कधीपासून घालायला लागलात?" मी पाकीट उलटं करून पाहिलं, आमचं नव्हतंच. आमच्याकडे बेडगी, संकेश्वरी, धणे, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजून डंकावर कुटतात, मिठाचा कण नसतो. त्यांना किती समजावलं! ते पुन्हा आले नाहीत.

वकील म्हणतात, ट्रेडमार्क कायद्याच्या 34 व्या कलमाप्रमाणे आधीपासून नाव वापरणाऱ्याला नंतर आलेला नोंदणीवालाही अडवू शकत नाही. नोंदणी नसली तरी नक्कल करून माल खपवणाऱ्यावर दावा लावता येतो. पण त्यांनी फी सांगितली ती आमच्या अख्ख्या उन्हाळ्याच्या कमाईएवढी. पुरावा म्हणजे पत्र्याच्या डब्यातल्या जुन्या पावत्या, सगळ्या मराठीत. कागद मात्र इंग्रजीत नाहीतर हिंदीत हवेत. या मुंबईत, मंत्री महोदय! म्हणजे भाषांतराचा खर्चही आमच्याच डोक्यावर. गिरण्या गेल्या तेव्हाही आमच्या माणसांना न कळणाऱ्या कागदांवरच अंगठे उठवून घेतले होते. चाळीस वर्षांत काय बदललं? ज्याच्याकडे वकील, त्याचाच कायदा.

नवा अर्ज करा म्हणतात. पुन्हा साडेचार हजार, आणि आता त्याचा अर्ज आमच्या आधीचा! आमचा जुना अर्ज पुन्हा उघडा. हरकतीची नोटीस अर्जदाराच्या स्वतःच्या मोबाईलवर आणि पोस्टाने, मराठीत पाठवायचा नियम करा.

या पत्राचं उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. एजंटच्या ईमेलवर नको.

आपली,
लालबागची एक मसालेवाली