स्मरणशक्तीची चिंता करताना कानही तपासा

महोदय,

स्मृतिभ्रंश टाळायचा असेल तर शब्दकोडी सोडवा, बदाम-अक्रोड खा, नवी भाषा शिका, असे सल्ले सध्या सर्वत्र वाचायला मिळतात. ते चुकीचे आहेत असे नाही, पण त्यांच्या गर्दीत कान हा विषय राहून जातो, आणि आमच्या घरात तो राहून गेल्यामुळे काय झाले ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी आई गिरगावात राहते. 'चहा ठेवू का?' असे विचारले की ती 'चार वाजले असतील' असे उत्तर देऊ लागली, फोन आला की दुसऱ्याच्या हातात देऊ लागली आणि कित्येक वर्षांचे भजनी मंडळही तिने काही कारण न सांगता सोडले. आता वय झाले, विसरायला होणारच, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. अखेर डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी स्मरणशक्तीच्या चाचण्यांआधी कान तपासून आणायला सांगितले. आवाज ऐकू आला की बोट वर करायचे, अशी ती चाचणी असते. काचेपलीकडून मी पाहत होते. यंत्रावरचा दिवा लागत होता आणि आईचे बोट जागचे हलत नव्हते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण आटोक्यात ठेवता येण्याजोगे १४ घटक सांगितले आणि ते सर्व आयुष्यभर सांभाळले गेले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकतो किंवा लांबू शकतो, असा अंदाज मांडला. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला होणारी इजा, प्रदूषित हवा, एकटेपणा हे त्यातले आपल्या परिचयाचे. मात्र त्याच यादीत मध्यम वयात कमी होणारी श्रवणशक्तीही आहे. कानातून येणारे शब्द अर्धवट असले की ते जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते आणि चारचौघांत सारखे 'काय?' विचारण्याचा संकोच वाटून माणूस बोलणेच कमी करतो. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रवणयंत्राचा लाभ सरसकट सर्वांमध्ये दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे; पण ज्यांचा धोका मुळात अधिक होता, त्यांच्यात तीन वर्षांतील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावलेली आढळली.

श्रवणयंत्र आणले म्हणजे काम संपते असेही नाही. आईने पहिले दोन आठवडे ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले होते, कारण नळाचे पाणी आणि भांड्यांचा आवाज तिला सहन होत नव्हता. तीन वेळा जाऊन यंत्राचा आवाज जुळवून घेतला, तेव्हा कुठे ते कानावर राहिले. तिचा विसराळूपणा गेला असे मी म्हणणार नाही. गोळ्या आजही आठवड्याच्या डबीत भरून द्याव्या लागतात. पण ती गुरुवारी पुन्हा भजनाला जाऊ लागली आहे.

हा प्रश्न केवळ वृद्धांचा नाही. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज वाढवून रोज दोन-दोन तास प्रवास करणारी चाळिशीतली माणसे मी पाहते, तेव्हा मला काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित असतो. आवाज त्याहून वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. मिरवणुकांतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींसमोर उभ्या असलेल्या लहान मुलांच्या कानांचे काय होत असेल, याचाही विचार मंडळांनी करावा.

श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आपल्याच शहरात, वांद्रे रेक्लमेशनवर आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत रक्तदाब आणि साखर तपासायला येणाऱ्या चाळिशीपुढील प्रत्येकाला ऐकण्याविषयी दोन प्रश्न विचारले जावेत आणि गरज असेल त्याला कानांच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली जावी, अशी माझी पालिका प्रशासनाला विनंती आहे. ज्येष्ठ नागरिक संघांनीही आपल्या आरोग्य शिबिरांत डोळ्यांच्या तपासणीशेजारी कानांच्या तपासणीचे एक टेबल मांडावे.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई