शुक्रवारी रात्री दहा वाजता

वेंगुर्ले,
कार्तिक वद्य ५

बंड्या,

तुझं पत्र मिळालं. 'मालिकेत दम असेल तर लोक शोधून बघतातच' हे तुझं वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना.

'स्टार ट्रेक' ह्या अंतराळप्रवासाच्या मालिकेचंच घे. १९६६ साली अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. प्रेक्षक कमी म्हणून गंडांतर आलं, तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून तिला जगवली. पण तिसऱ्या वर्षी वाहिनीने तिला शुक्रवारी रात्री दहाला ढकललं. ती बघणारी तरणी पोरं शुक्रवारी रात्री घरात कशाला बसतील? जून १९६९ मध्ये गाशा गुंडाळला. पुढच्याच महिन्यात माणूस चंद्रावर उतरला, बघ नशीब!

खरी गंमत पुढेच आहे. तयार ७९ भाग शहरोशहरीच्या स्थानिक टीव्ही केंद्रांना विकले गेले आणि त्यांनी ते संध्याकाळी, पोरं घरी असताना, रोज लावले. भाग तेच, नट तेच. पण सत्तरच्या दशकात मालिका घराघरांत गेली, १९७९ मध्ये सिनेमा निघाला. १९८७ची नवी मालिका तर थेट केंद्रांनाच विकली, मधे मोठी वाहिनी नाहीच. आपल्या दशावतारासारखं रे! कंपनी एक, आख्यानं ठरलेली, पण आज ह्या गावची जत्रा, उद्या त्या गावची. ज्याच्या त्याच्या देवळासमोर नाटक.

'फायरफ्लाय' ह्या दुसऱ्या अंतराळ-मालिकेचे भाग तर २००२ मध्ये फॉक्स वाहिनीने मागेपुढे दाखवले. पहिला भाग सगळ्यात शेवटी, डिसेंबरात. म्हणजे दशावतारात सुरुवातीला येणारा गणपती आख्यान उरकल्यावर नाचवला!

आणि दूरदर्शनवरचा आपला अंतराळवीर 'कॅप्टन व्योम'? तुमच्याकडे मुंबईत केबल होती, तू दहा गोष्टी बघायचास. इथे दूरदर्शनशिवाय काही नव्हतं, म्हणून व्योम झालेला मिलिंद सोमण वाडीतल्या पोरापोराला ठाऊक. (मालिका काही फार भारी नव्हती हं, त्यातली अंतराळयानं आज बघवत नाहीत.) काकांच्या पडवीत वीसेक पोरं, आणि मी कौलांवर अँटेना धरून.

"दिसता काय रे?"

"मुंग्याच दिसतत!"

मुंग्या गेल्या की लाइट जायची. निम्मे भाग मी कौलांवरूनच ऐकलेत.

शेवटचा तर ऐकलाही नाही. तू बघितला असशील तर शेवट काय झाला ते लिही. आणि जत्रेला ये.

तुझा,
आबा