कमांड रेफरन्स वाचायला पोरांना कोण शिकवणार?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

आपल्या पेपरात करिअरच्या पानावर नेटवर्किंगच्या कोर्सबद्दल बरंच छापून येतं म्हणून हे पत्र लिहितोय. मी ऐरोलीला राहतो आणि महापे, रबाळे, वागळे इस्टेट इथल्या कंपन्यांचे राउटर, स्विच, आयपी फोन बघतो. कोर्स करून नवीन आलेली पोरं रोज भेटतात, हुशार असतात, मेहनती पण असतात, पण कमांड रेफरन्स, म्हणजे प्रत्येक कमांड काय करते ते सांगणारं कंपनीचं पुस्तक, उघडून वाचायची सवय त्यांना कुणी लावलेलीच नसते. अडलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारायचं, कुणीतरी कॉन्फिगचा, म्हणजे सेटिंगच्या ओळींचा, तुकडा टाकतो, तो पेस्ट करायचा आणि चालला तर देव पावला.

महाप्यातल्या एका ऑफिसात तक्रार होती की बोलायला सुरुवात केली की पहिलं अक्षरच जात नाही, "हॅलो" म्हटलं तर समोर नुसतं "लो" ऐकू येतं, रिसेप्शनवरच्या ताई प्रत्येक कॉलला तेच दोनदा बोलायच्या. आधी आलेल्या मुलाने फोन बदलला, केबल बदलली, लाइनवाल्यांशी भांडून पण झालं. कारण होतं व्हीएडी, म्हणजे व्हॉइस अ‍ॅक्टिव्हिटी डिटेक्शन. माणूस गप्प असेल तेव्हा पॅकेट पाठवायची नाहीत, लिंक वाचवायची, अशी ती सोय असते, आणि तो परत बोलायला लागला हे ओळखेपर्यंत सुरुवातीचा आवाज कापला जातो. सिस्को कंपनीच्या व्हॉइस गेटवेवर (फोनचे कॉल नेटवर्कवर नेणारा राउटर) व्हीओआयपी डायल-पीरला (नेटवर्कवरून जाणारा कॉल कुठे आणि कसा न्यायचा ते ठरवणारी नोंद) व्हीएडी डिफॉल्टलाच, म्हणजे काही न लिहिताच, चालू असतं आणि डिफॉल्ट गोष्टी साध्या शो रनमध्ये, म्हणजे चालू कॉन्फिग दाखवणाऱ्या कमांडमध्ये, दिसत नाहीत, मग ते कॉन्फिग कितीही वेळा वाचा, सापडणार कुठून? व्हॉइस कमांड रेफरन्समध्ये त्या कमांडखाली डिफॉल्ट काय ते सरळ लिहिलेलं आहे. डायल-पीरखाली नो व्हीएडी टाकून ते बंद केलं, आवाज नीट झाला. कोडेकचं, म्हणजे आवाज डिजिटल करून पाठवायच्या पद्धतीचंही तसंच, तुम्ही काही लिहिलं नाही तर डायल-पीर ८ केबीपीएसचा जी.७२९ धरतो आणि समोरचा फक्त ६४ केबीपीएसचा जी.७११ ए-लॉ घेत असेल तर कॉल उभाच राहत नाही.

याहून महागात पडते ती ट्रंकची, म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) नेणाऱ्या लिंकची, कमांड. फोनसाठी नवीन व्हॉइस व्हीलॅन ट्रंकवर घ्यायचा असतो, पोरगं स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन लिहून पुढे नवा नंबर टाकतं आणि मधला अ‍ॅड हा शब्द राहतो. मग नवीन व्हीलॅन यादीत मिळवला जात नाही, जुनी यादीच पुसून तो एकटा उरतो, अख्खा मजला बंद पडतो आणि रिमोटवरून करत असाल तर स्वतःचंच कनेक्शन जातं, मग ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून साइटवर जा. अ‍ॅड लिहिलं की काय होतं, नुसता नंबर लिहिला की काय होतं, हे रेफरन्समध्ये त्या कमांडच्या पानावर दिलंय, वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मराठी माध्यमातली पोरं म्हणतात इंग्रजी जड जातं. मी पण मराठी शाळेतलाच, मनापासून सांगतो, यातलं इंग्रजी ठराविक आहे. प्रत्येक कमांडला तीच रचना, सिंटॅक्स (कमांड कशी लिहायची), डिफॉल्ट, मोड (कॉन्फिगच्या कुठल्या पातळीवर ती चालते), कुठल्या रिलीजला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला, आली, वापरताना काय सांभाळायचं आणि शेवटी उदाहरण. आठवडाभर रोज थोडं वाचलं तरी नजर बसते. इनव्हॅलिड इनपुट आलं की पोरं घाबरतात, पण स्पेलिंग बरोबर असेल तर बहुतेक वेळा मोड चुकलेला असतो नाहीतर ती कमांड त्या रिलीजमध्ये नसतेच, आणि हे दोन्ही तिथे बघता येतं.

म्हणून आयटीआय, पॉलिटेक्निक आणि खासगी क्लास चालवणाऱ्यांना आपल्या पेपरामार्फत विनंती आहे की प्रॅक्टिकलला कमांड रेफरन्स उघडा ठेवू द्या, पोरांनी कधी न पाहिलेली कमांड द्या आणि विचारा, डिफॉल्ट काय, मोड कुठला, नो लावलं तर काय होईल. पाठ केलेल्या कॉन्फिगला मार्क देऊ नका. कंपन्यांनीही नवीन मुलाला साइटवर पाठवायच्या आधी तासभर वाचायला द्यावा, कारण लिंक डाउन असताना क्लायंट डोक्यावर उभा असतो, तेव्हा कोण वाचू देणार. आणि आपण करिअरच्या पानावर यावर एखादा लेख मराठीतून लिहून घ्या, कमांडचं एक पान घेऊन ते कसं वाचायचं ते ओळीओळीने दाखवणारा.

आपला,
एक नेटवर्क टेक्निशियन, ऐरोली, नवी मुंबई