वाचनालय दुपारीही उघडं असावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी कथा मागवणारी निवेदनं आता येऊ लागतील. बहुतेकांची मुदत जून-जुलैपर्यंत असते. म्हणजे दिवाळीत वाचायचं ते चैत्र-वैशाखात लिहायला घ्यावं लागतं, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर भागात बाईमाणसाला याच दोन महिन्यांत श्वास घ्यायला फुरसत नसते.

मी नऊ वर्षं कथा लिहिते आहे. चार छापून आल्या. गुढीपाडवा झाला की सकाळी काजू वेचायला जायचं, बोंडं पिळून बिया काढायच्या, ऊन चढायच्या आत परतायचं. संकेश्वरी मिरच्यांची देठं काढून वर्षाचं तिखट कांडून आणायचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा सुटतात, मग माझी दोन आणि नणंदेची दोन अशी चार पोरं दिवसभर घरात. त्यात लग्नसराई. आणि खरं सांगायचं तर घड्याळात वेळ मिळाला तरी मन जागेवर नसतं. परड्यातल्या आंब्यावर कोकीळ पहाटे पाचलाच सुरू होतो, रानात कुडा फुललेला असतो. वही उघडी ठेवून मी नुसती बाहेर बघत राहते.

गेल्या वर्षीची गोष्ट. गहू तीन दिवस भिजवून चीक काढला होता. सासूबाईंनी आणि मी पहाटे उठून तो शिजवला, गच्चीवर जुन्या लुगड्यावर सोऱ्यानं कुरडया घातल्या. कावळे हाकायचं काम माझ्याकडे आलं. टाकीच्या सावलीत वही घेऊन बसले आणि अकरा ते तीन सलग लिहिलं. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. कथेचा शेवट हाताशी आला होता. तेवढ्यात आभाळ भरलं आणि वळीव कोसळला. पोरांनी आणि आम्ही दोघींनी लुगड्याची टोकं धरून कुरडया जिन्यात आणल्या. वही टाकीखालीच राहिली. अकरा पानांतली तीन तेवढी वाचता आली, बाकी शाईचं पाणी झालं. संध्याकाळी सासूबाईंनी वहीचं पान न् पान सुटं करून चुलीवरच्या दांडीला वाळत घातलं. त्यांना वाचता येत नाही. ती कथा मुदतीत गेली नाही.

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरला साहित्य संमेलनं होतात, मी आवडीनं जाते. तिथं हमखास ऐकायला मिळतं की बायकांना घरातच विषय मिळतात. मिळतात हो, गच्चीवर कावळे हाकतानाही मिळतात. पण सुचलेलं कागदावर उतरायला दोन तास कुणी हाक न मारणारी जागा लागते. मग इंदिरा संतांचं उदाहरण दिलं जातं. १९४६ साली पती गेल्यावर त्यांनी बेळगावात नोकरी केली, तीन मुलं वाढवली आणि कविता लिहिली. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण त्यांना जे सोसावं लागलं ते आमच्यासाठी माप म्हणून का लावायचं?

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, शहरातल्या मैत्रिणींना त्याचा आधार आहे. कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत करणाऱ्या शक्ती योजनेमुळे मला तिथवर तिकीटही पडत नाही, पण जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. आमच्या गावातलं वाचनालय संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं. त्या वेळी आम्ही भाकऱ्या थापत असतो.

म्हणून विनंती एवढीच, की आमच्याच नव्हे तर सीमाभागातल्या गावोगावच्या वाचनालयांनी निदान शाळा सुरू होईपर्यंत दुपारी दोन ते चार दार उघडावं. एक टेबल, एक पंखा पुरे. आमच्या गावात लिहिणाऱ्या आम्ही चौघी आहोत, किल्ली आणि झाडलोट आम्ही सांभाळू. पोरांनाही बरोबर आणू. माझी धाकटी कन्नड माध्यमात शिकते, तिला मराठी गोष्टींची पुस्तकं धरायला सुट्टीच काय ती सापडते.

यंदाच्या कुरडया पुढच्या आठवड्यात घालायच्या आहेत. हे पत्र छापलंत तर त्याचं कात्रण घेऊन आम्ही चौघी त्याआधीच वाचनालयाच्या कमिटीकडे जाऊ.

आपली,
एक वाचक, खानापूर तालुका